शाळेच्या भिंतीवर बुद्धिबळ रंगवायचंय, पण शकुनी नको

पेंटर_मानवतकर

नमस्कार मंडळी. मी परभणी जिल्ह्यातल्या मानवतचा. ३० वर्षं झाली, बोर्ड रंगवतो. फ्लेक्स आल्यापासून दुकानाच्या पाट्या गेल्या त्या गेल्याच. आता शाळांच्या बोलक्या भिंती आणि मंदिरांच्या कमानी, एवढ्यावर भागवायलोय.

एका शाळेचं काम आलंय. भिंत १८ फूट लांब, ७ फूट उंच, पुट्टी मारून तयार. दिव्या देशमुखनं २०२५ मध्ये महिलांचा विश्वचषक जिंकला तेव्हापासून तिथल्या हेडमास्तरांच्या डोक्यात बुद्धिबळ बसलंय. पोरं खेळायलेत, चांगली गोष्ट आहे. पण सरांना चित्र काय पाहिजे? एका बाजूला शकुनी, दुसऱ्या बाजूला धर्मराज, मधी बुद्धिबळाचा पट, आणि खाली माझं लेटरिंग: 'बुद्धीचा खेळ'.

मी म्हणलं, सर, शकुनी फासे टाकत होता. सरांनी मोबाइल काढला आणि कुठलं तरी पोस्टर दाखवलं. त्यात शकुनी हातात घोडा धरून हसायलाय. "लोकांना हेच माहीत आहे," म्हणले. मी म्हणलं, बरं, पण त्यानं कपट केलं होतं, पोरांनी त्यातनं काय घ्यायचं? सर म्हणले, तुम्ही रंगाचं बघा.

आता माझी अडचण ऐका. माझा आजा पारावर खेळायचा. कापडाचा पट, घरं काळ्या दोऱ्यानं शिवलेली, काळं-पांढरं काही नाही. सोंगट्या लाकडी. एक उंट हरवला होता, त्याच्या जागी चिंचोका. प्यादं एकच घर सरकायचं, पहिल्या चालीला सुद्धा. राजाला पुऱ्या डावात एकदाच घोड्याची उडी, ती पण शह बसायच्या आधी. आजा खेळताना एक शब्द बोलायचा नाही. त्याच्या डाव्या पायाचा अंगठा तेवढा हलायचा. अंगठा थांबला की समोरच्यानं समजायचं, आता मार पडतोय.

मला ते काढता यावं असं वाटतंय. म्हणून भाच्याला सांगून मोबाइलवर सिनेमातली, मालिकांतली बुद्धिबळाची चित्रं काढायला लावली. दोन रात्री बघितली. जिथं बघावं तिथं पटामागं व्हिलन बसलेला. नाही तर मंत्री, नाही तर कुणी तरी काचेच्या खिडकीपाशी उभा राहून प्यादं चिमटीत धरलेला. खेळायलेलं कुणीच दिसंना! सगळे पटाकडं सोडून आपल्याकडंच बघायलेत. पेपरात पण तेच, 'शह-काटशह' छापलं की समजायचं, कुणीतरी पक्ष बदलला.

तर विचारायचं हे, की खेळ खरोखर चालू आहे असं वाटावं असं एखादं चित्र, एखादा सिनेमा आहे का? आणि पट रंगवताना काय चुकतं ते पण सांगा. भिंतीवर चुकलं की दहा वर्षं चुकलेलं राहतं.

निवृत्त_पंच_लातूर

पेंटरसाहेब, शकुनीबद्दल तुमचंच बरोबर. द्यूत म्हणजे फासे. बुद्धिबळाचा, म्हणजे चतुरंगाचा, स्पष्ट उल्लेख सातव्या शतकात बाणभट्टाच्या 'हर्षचरिता'त येतो. हर्षाच्या राज्यात चतुरंग फक्त पटावरच उरलं, अशा अर्थाचा श्लेष केलाय त्यानं. सैन्याची चार अंगं हत्ती, घोडे, रथ, पायदळ, त्यावरून खेळाचं नाव. हेडमास्तरांना हे सांगून बघा. ऐकतील असं नाही, मीही हेडमास्तर होतो.

चुकांबद्दल विचारलंत, तर माझा आवडता विषय. स्पर्धांमध्ये पंच म्हणून बसायचो तेव्हापासून मालिका बघताना मला घरातले गप्प करतात. पहिली चूक, पट आडवा. खेळणाऱ्याच्या उजव्या हाताच्या कोपऱ्यात पांढरं घर यायला हवं. दुसरी, राजा-वजिराची अदलाबदल. पांढरा वजीर पांढऱ्या घरात, काळा वजीर काळ्या घरात, इतकं सोपं आहे. तिसरी म्हणजे, ज्याला मात बसते त्याला ती बसेपर्यंत पत्ताच नसतो. 'शह आणि मात!' ऐकून तो दचकतो. अहो, खरा खेळणारा चार चाली आधी ओळखतो आणि मुकाट्यानं हात पुढं करतो. पण त्यात पार्श्वसंगीत वाजवायला जागा राहत नाही.

सगळेच निष्काळजी नसतात. १९६३ च्या जेम्स बाँडच्या 'फ्रॉम रशिया विथ लव्ह'मध्ये सुरुवातीला जो डाव दिसतो तो स्पास्की आणि ब्रॉन्स्टाइन या सोव्हिएत खेळाडूंच्या १९६० च्या खऱ्या डावावरून घेतलाय, फक्त मधली दोन प्यादी गायब आहेत. '२००१: अ स्पेस ओडिसी' (१९६८) मध्ये हॅल नावाचा संगणक अंतराळवीराशी खेळतो, तो डाव १९१० सालच्या हॅम्बुर्गमधला. तिथं हॅल मात सांगताना एका घराचा आकडा चुकवतो, सहाच्या जागी तीन म्हणतो. आणि समोरचा माणूस न तपासता हार मानतो! ही दिग्दर्शकाची चूक की पुढं बिघडणाऱ्या यंत्राची पहिली खूण, यावर बुद्धिबळवाले अजून भांडतात. मला ती खूणच वाटते. ज्या माणसानं डाव जुन्या वहीतून शोधून काढला तो आकडा चुकवेल?

तुमच्या आजोबांचा खेळ मात्र एका सिनेमात जसाच्या तसा बोलला गेलाय. सत्यजित राय यांचा 'शतरंज के खिलाडी', १९७७. लखनौचे दोन रिकामटेकडे जहागीरदार, संजीवकुमार आणि सईद जाफरी, १८५६ साल, तिकडं इंग्रज अवध गिळतायत आणि हे दोघं पटावर. मुन्शी नंदलाल म्हणून डेव्हिड येतो आणि सांगतो, की साहेब लोक वेगळं खेळतात: प्यादं पहिल्यांदा दोन घरं जातं, वजिराला ते राणी म्हणतात. दोघांच्या चेहऱ्यावरचं आश्चर्य बघा. जणू कुणी सांगितलं की साहेब लोक भाकरी भाजून नाही, उकडून खातात. प्रेमचंदांच्या मूळ कथेत दोघं शेवटी तलवारी उपसून एकमेकांना मारतात. सिनेमात गोळी सुटते, पण कुणी मरत नाही, आणि ते परत पट मांडून बसतात. या वेळी इंग्रजी पद्धतीनं. राज्य गेलं हे राय यांनी एका प्याद्याच्या दोन घरांत सांगितलं. यापुढं मला दुसरा बुद्धिबळाचा सिनेमा लागत नाही.

बिनपाण्याचा_धोंडा

मंदोदरीनं रावणाला युद्धापासून लांब ठेवायला बुद्धिबळ शोधलं, अशी पण गोष्ट सांगतात. हेडमास्तरला ती सांगा. शकुनी कटेल, पण रावणाची दहा तोंडं रंगवावी लागतील. रेट तोंडागणिक लावा.

वेरूळ_लेणीवाला

पेंटरभाऊ, मी वेरूळला गाईडचं काम करतो, तुमचा शकुनी माझ्याकडं पण रोज येतो. २१ नंबरचं लेणं, रामेश्वर. त्यात शिव-पार्वती पट मांडून बसलेत. पब्लिक आली की पहिला सवाल, "ये चेस है क्या?" आमच्यातले पण काही जण 'हां जी' म्हणून मोकळे होतात, कोण डोकं लावणार. पण तो सारीपाट आहे, फाशांचा खेळ. लेणं सहाव्या शतकातलं. २९ नंबरमध्ये, धुमार लेण्यात, पण हाच प्रसंग आहे, तिथं मूर्ती मोठाल्या.

तुम्ही विचारलं, खेळायलेलं दिसतं का. मी म्हणतो, या, दाखवतो. दुपारनंतर पोचा, लेण्यांची तोंडं पश्चिमेला आहेत, तेव्हा उजेड आत येतो. पार्वतीला बघा. डाव तिच्या बाजूनं चाललाय हे दगडात कळतं. खाली नंदी आहे आणि त्याच्याभोवती गणांची टवाळकी चाललीय. शिव हरला आणि नंदी पणाला गेला असं आम्ही सांगतो. ज्या कारागिरानं ते काढलं त्यानं घरात नवरा-बायकोला खेळताना पाहिलेलं असणार, अशी माझी खात्री. देव म्हणून नाही काढलं त्यानं, शेजारी म्हणून काढलं.

बुद्धिबळ नाही ते, हे खरं. पण तुम्हाला अंगठा काढायचाय ना? अंगठा तिथं शिकायला मिळेल.

अंबाजोगाईची_लेक

काका, मी सध्या पुण्यात असते, फिल्म क्लबमध्ये पडीक. तुमचा प्रश्न वाचून पहिल्यांदा जो माणूस आठवला तो तुमच्याच धंद्यातला आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

स्वीडनमध्ये आल्बर्टस पिक्टर नावाचा एक पेंटर होता. पिक्टर म्हणजेच पेंटर, तुमच्या आयडीसारखंच. पंधराव्या शतकात गावोगावची चर्च रंगवत हिंडायचा. स्टॉकहोमजवळ टॅबी नावाचं गाव आहे, तिथल्या चर्चच्या छतावर, कमानीच्या पोटात, त्यानं १४८० च्या दशकात एक चित्र काढलं: एक माणूस आणि मृत्यू बुद्धिबळ खेळतायत. मृत्यू म्हणजे हाडांचा सापळा, आणि मजेत दिसतो. पट प्रेक्षकाला दिसावा म्हणून सरळ उभा काढलाय, आपल्याकडं लहान पोरं कॅरमबोर्ड काढतात तसा.

इंगमार बर्गमननं हे चित्र मनात ठेवलं आणि १९५७ मध्ये 'द सेव्हन्थ सील' केला. धर्मयुद्धातून परतलेला सरदार समुद्रकिनाऱ्यावर मृत्यूशी डाव मांडतो. मुठीत दोन प्यादी लपवून पुढं करतो, मृत्यूच्या वाट्याला काळं येतं, आणि मृत्यूलाही ते साजेसंच वाटतं. तुमची तक्रार इथं लागू पडते असं तुम्ही म्हणाल, कारण डाव निमित्तमात्र आहे. मलाही आधी तसंच वाटायचं. पण शेवटाकडं सरदार मुद्दाम पटावरच्या सोंगट्या सांडतो. का, तर मृत्यूचं लक्ष पटावर गुंतून राहावं आणि तेवढ्यात एक डोंबारी, त्याची बायको आणि तान्हं पोर गाडी हाकून निसटावं. आपल्याकडं पारावर हरायला आलं की म्हातारे धोतराचा सोगा लावून पट विस्कटतात, तेच की हो हे! मी थिएटरात एकटीच हसले.

आणि काका, बर्गमननं त्या पेंटरलाही सिनेमात घेतलंय. चर्चच्या भिंतीवर तो मृत्यूचा नाच रंगवत असतो आणि सरदाराचा शिलेदार त्याला विचारतो, असलं भेसूर कशाला काढतोस. पेंटरचं म्हणणं साधारण असं, की हसरं चित्रही काढू कधीतरी, पोट आहे ना. तुम्ही आणि तुमचे हेडमास्तर, दुसरं काय.

आता खरोखर खेळणाऱ्यांचं चित्र. सोफोनिस्बा आंग्विस्सोला, इटलीची चित्रकार, १५५५. तिनं आपल्या तीन बहिणींना खेळताना काढलं. बागेत टेबल, त्यावर गालिचा, त्यावर पट. मोठीनं चाल केलीय आणि आपल्याकडं बघतेय. बरं, तीही आपल्याकडंच बघते, पण व्हिलनसारखी नाही. मधलीचा हात वर उठलाय, 'अगं, थांब!' म्हणावं तसा. आणि धाकटी, आठ-नऊ वर्षांची असेल, मधलीची फजिती बघून खुदकन हसतेय. मागं म्हातारी दाई. कुणीही मरत नाही, राज्य जात नाही, फक्त एक बहीण हरतेय. चित्र पोलंडमध्ये पोझ्नानच्या संग्रहालयात आहे, मोबाइलवर मोठं करून धाकटीचे दात बघा.

तीन बहिणी म्हटल्यावर आपल्या खाडिलकर भगिनी आठवायलाच हव्यात. वासंती, जयश्री, रोहिणी. महिलांची राष्ट्रीय स्पर्धा १९७४ मध्ये सुरू झाली, पहिली वासंतीनं जिंकली आणि पुढची कितीतरी वर्षं अजिंक्यपद त्या घराबाहेर गेलंच नाही. रोहिणी १९७६ मध्ये पुरुषांच्या राष्ट्रीय स्पर्धेत उतरली, त्यावर गदारोळ झाला, आणि १९८१ मध्ये ती आशियाई विजेती झाली. यांच्यावर सिनेमा का नाही? 'द क्वीन्स गॅम्बिट' ही सात भागांची मालिका २०२० मध्ये आली तेव्हा सगळे तिच्या नायिकेच्या, बुद्धिबळ खेळणाऱ्या बेथ हार्मनच्या प्रेमात पडले, मीसुद्धा. अनाथाश्रमात रात्री ती छताकडं बघते आणि छतावर सोंगट्या हलायला लागतात, तेवढं तुम्ही जरूर बघा. पण बेथ काल्पनिक आहे. त्याच मालिकेत जॉर्जियाच्या खऱ्या विश्वविजेत्या नोना गाप्रिंदाश्विलीबद्दल म्हटलंय, की ती पुरुषांशी कधी खेळलीच नाही. बाई डझनावारी पुरुषांशी खेळलेल्या! त्यांनी २०२१ मध्ये खटला भरला आणि पुढच्या वर्षी तडजोड झाली. खोट्या पोरीला मोठं करायला खऱ्या बाईला लहान केलं, हे मला अजून खटकतं.

निवृत्त_पंच_लातूर

ताई, रोहिणीच्या त्या प्रकरणानंतर जागतिक संघटनेलाच म्हणावं लागलं, की बाईला पुरुषांच्या स्पर्धेतून अडवता येणार नाही. तेवढं जोडतो.

वजिराची राणी कशी झाली हेही भिंतीला उपयोगी पडेल. आपला वजीर म्हणजे पूर्वीचा फर्जी, तो तिरका एकच घर चालायचा. रहीमचा दोहा आहे ना, प्याद्याचा फर्जी झाला की तो वाकडा चालायला लागतो. हलका माणूस मोठ्या पदावर गेला की काय होतं, त्यावरचा टोमणा. पण त्यातला 'वाकडा' हा शब्दशः फर्जीच्या चालीवरून आलाय, हे आज कुणाच्या लक्षात येत नाही. पंधराव्या शतकाच्या अखेरीला युरोपात त्याला आजची लांब चाल मिळाली, नाव आधीच राणी पडलेलं होतं. आपण चाल त्यांची घेतली आणि नाव वजीरच ठेवलं. विक्रम गोखल्यांचा 'वजीर' (१९९४) राजकारणावरचा. त्यातलं 'सांज ये गोकुळी' लोकांना पाठ आहे, पण नाव पटावरून आलंय हे विसरले.

कोपऱ्यातली सोंगटीही देशोदेशी बदलते. आपला हत्ती, इंग्रजांचा किल्ला, रशियात नाव, म्हणजे होडी. आणि आपल्या उंटाच्या जागी रशियन लोक हत्ती म्हणतात.

पेंटर_मानवतकर

मंडळी, लई आभार. उशीर झाला, कारण मी लेणीवाल्या भाऊंचं ऐकून खरंच वेरूळला जाऊन आलो. कॅमेऱ्यात काही येईना म्हणून खाली बसून पेन्सिलनं काढलं. वॉचमन दोनदा येऊन बघून गेला. पार्वतीची मान बघितली. काय सांगू. जिंकणारा माणूस मान अशीच ठेवतो, माझा आजा अशीच ठेवायचा. १४०० वर्षं झाली म्हणजे विचार करा.

ताई, तुमचा तो स्वीडनचा पेंटर पण बघितला. रंग कमी आणि रेषा जाड. घाईत काम उरकलंय असं वाटलं, चर्चवाल्यानं पैसे थकवले असतील. पण पट उभा काढलाय ते मला पटलं. भिंतीवर आडवा पट काढला तर पोरांना घरंच दिसत नाहीत, हे मला ३० वर्षांनी कळायलंय.

आता ठरलंय ते सांगतो. सरांना रावणाची दहा तोंडं प्रत्येकी सातशे रुपये म्हणून सांगितली, मग शकुनी आपोआप पडला. (धोंडाभाऊ, तुमचा चहा माझ्याकडं लागू.) भिंतीवर लिंबाखाली तीन पोरी. दोघी खेळायल्यात, तिसरी हसायलीय, फ्रॉकच्या जागी शाळेचा ड्रेस. म्हातारी दाई काढून तिथं माझा आजा बसवलाय, गपचिप, धोतरात. पाय पुढं घेतलेत. कोपऱ्यातली सोंगटी खराखुरा हत्ती काढलाय, सोंडेसकट. किल्ला जागचा हलतो कसा, हे मला लहानपणापासून कळलेलं नाही. पट कापडाचा, पण घरं काळी-पांढरी केली, नाही तर पोरं म्हणतील पेंटर विसरला. आणि उंटांत एक चिंचोका आहे. तो कुणाला दिसला तर दिसला.

एक अडचण राहिलीय. भिंतीसमोरच्या ओट्यावर पण पट काढायचं ठरलंय, घर १ फुटाचं, म्हणजे ८ बाय ८ फूट. पोरं स्वतःच सोंगट्या होऊन उभी राहणार. पण ओटा सिमेंटचा, वर ऊन, आणि मार्चपासून पोरं अनवाणी. ऑइल पेंट दोन महिन्यांत उडतो आणि काळं घर तापून पाय भाजतात. कुणी केलंय का असं?

बिनपाण्याचा_धोंडा

काळ्याच्या जागी गेरूचा लाल घ्या, कमी तापतो. आणि पांढऱ्याला रस्त्यावर पट्टे मारतात तो पेंट आणा, परभणीत हार्डवेअरवाल्याकडं मिळंल. आधी ओटा ब्रशनं घासून दोन दिवस वाळू द्या.

निवृत्त_पंच_लातूर

लाल-पांढरा चालेल. पोर ज्या बाजूनं खेळायला उभं राहील त्याच्या उजव्या हाताचा कोपरा पांढरा, पेंटरसाहेब. सूत मारायच्या आधी तिथं उभं राहून बघा.